मॅकवरची गुलाबी कॉलनी आणि हलणारा क्लेबसिएला

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या एका लॅबमध्ये आठ महिन्यांपासून टेक्निशियन आहे. डीएमएलटी झालंय. जंतू ओळखायचे तक्ते पाठ आहेत, पण सकाळी प्लेट हातात घेतली की कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही. परवा लघवीच्या एका कल्चरमध्ये मॅकॉन्कीवर (लॅक्टोज साखरेच्या ‘मॅक’ प्लेटवर) गुलाबी, ओलसर कॉलनी (जंतूंचे ठिपके) आल्या. इंडोल चाचणी निगेटिव्ह, सिट्रेट पॉझिटिव्ह. मी क्लेबसिएला लिहिलं. नंतर आठवलं, हँगिंग ड्रॉपमध्ये (मायक्रोस्कोपखालच्या लटकत्या थेंबात) जंतू हलत होते, आणि क्लेबसिएला सहसा हलत नाही. रिपोर्ट गेला आहे. माझं चुकलं का? आणि आता मशीनच नाव सांगतं, तर हे सगळं शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर : माझ्या लेकीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. नौपाड्यात गेली सत्तावीस वर्षं रोज सकाळी प्लेटा वाचते आहे. तुझ्या हलणाऱ्या क्लेबसिएलाकडे येते, पण शेवटी. कारण तुझी अडचण त्या एका प्लेटची नाही. तक्ता नावापासून सुरू होतो आणि चाचण्यांकडे जातो. बेंचवर उलटं असतं. तिथे नाव सगळ्यांत शेवटी येतं, आणि आलं तरी मागच्या प्रत्येक गोष्टीशी ते जुळतंय का, हे बघितल्याशिवाय ते लिहायचं नसतं.

सुरुवात प्लेटपासून नाहीच, सॅम्पलपासून आहे. तुमच्याकडे गायमुखच्या बाजूची कलेक्शन सेंटर असणार. सकाळी आठला घेतलेली लघवी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून साडेअकराला लॅबमध्ये पोचते, मे महिन्यात, बाईकवरच्या पिशवीत, बर्फाशिवाय. जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं तरी तीन तासांत चौसष्टपट झाले. म्हणजे त्वचेवरून चुकून आलेले हजार जंतू मिलिलिटरला चौसष्ट हजार दिसतात. तू एक मायक्रोलिटरच्या लूपने (तारेच्या कडीने) प्लेट लावतेस, म्हणजे एक कॉलनी बरोबर मिलिलिटरला एक हजार. शंभर कॉलनी म्हणजे एक लाख. हा एक लाखाचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तो ताज्या लघवीसाठी आहे. दोन तासांत लावता येत नसेल तर सॅम्पल चार डिग्रीला ठेवायचं किंवा बोरिक अॅसिडच्या बाटलीत घ्यायचं. आणि याच्या बरोबर उलट, पाठीच्या मणक्यातलं पाणी आणि ब्लड कल्चरच्या बाटल्या चुकूनही फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. मेनिंजायटिसचे जंतू नाजूक असतात, थंडीने मरतात. रात्रपाळीचा मुलगा ‘सांभाळून’ फ्रिजमध्ये ठेवतो, आणि आपण तीन दिवसांनी ‘नो ग्रोथ’ लिहितो.

लघवीच्या प्लेटवर तीन-चार प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर त्या सगळ्यांच्या बायोकेमिकल चाचण्या लावत बसू नकोस. सॅम्पल बिघडलं आहे, परत मागव. थुंकीचंही तसंच. आधी ग्राम (जंतू रंगवायची पद्धत, पुढे सांगते) करून लो पॉवरखाली बघ. एका फील्डमध्ये पस सेल (पुवाच्या पेशी) पंचवीसच्या वर आणि एपिथेलियल सेल (तोंडाच्या अस्तरातल्या) दहाच्या खाली असतील तर ती छातीतली थुंकी. एपिथेलियल भरमसाट असतील तर ती लाळ आहे, त्यात जे उगवेल ते तोंडातलं. रुग्णाचे पैसे आणि आपला आगर, दोन्ही वाचतात.

आता ग्राम. हान्स क्रिश्चन ग्राम यांनी 1884 साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी काही नाही. जांभळा राहिला तो ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी झाला तो ग्राम निगेटिव्ह. पण शिकाऊ मुलांचा ग्राम दहांत तीनदा फसतो, आणि तो एकाच जागी फसतो : रंग उतरवताना. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, सेफ्रॅनिन अर्धं ते एक मिनिट, यात दहा-वीस सेकंद इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. अल्कोहोल किंवा अॅसिटोनच्या वेळी मात्र फोन वाजला तरी उचलायचा नाही. स्मिअर जाड असेल तर रंग उतरत नाही आणि ई. कोलाय जांभळा दिसतो. जास्त उतरवलं तर स्टॅफ गुलाबी. आणखी एक, दोन दिवसांच्या शिळ्या प्लेटवरून स्मिअर केला तर खरे ग्राम पॉझिटिव्हही गुलाबी दिसू लागतात. शंका आली तर स्लाइडवर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी कालव. लूप वर उचलल्यावर चिकाच्या तारेसारखी तार निघाली तर ग्राम निगेटिव्ह. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जुन्या लोकांना माहीत असतं, नवीन कोणी करत नाही.

मग प्लेट. जाता जाता सांगते, हा आगर म्हणजे आपण घरी पुडिंगमध्ये घालतो तेच चायना ग्रास. रॉबर्ट कॉख या जंतुशास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये आधी जिलेटिन वापरत, ते 37 डिग्रीला वितळायचं. वॉल्टर हेसे या सहकाऱ्याच्या बायकोने, फॅनी हेसेने, 1881च्या सुमारास स्वयंपाकघरातला आगर सुचवला. तो उकळत्या पाण्याच्या जवळपास वितळतो आणि चाळीसच्या आसपास घट्ट होतो, म्हणून इन्क्युबेटरमध्ये टिकतो. पेट्रीची बशी त्यानंतर, 1887मध्ये आली.

प्लेट उघडण्याआधी बंद असतानाच उजेडासमोर धर आणि बघ. नुसतं बघ, लूप हातात घेऊ नकोस. कॉलनी एकाच प्रकारच्या आहेत का? पावसाळ्यात आपल्याकडे झाकणातून पाणी गळून कॉलनी एकमेकीत वाहतात, म्हणून प्लेटा नीट वाळवून, उलट्याच ठेवायच्या. ब्लड आगरवर कॉलनीभोवती काय झालंय? पूर्ण स्वच्छ काचेसारखं वर्तुळ, की हिरवट झाक, की काहीच नाही? मॅकवर गुलाबी म्हणजे लॅक्टोज फोडणारा, रंगहीन म्हणजे न फोडणारा. ई. कोलायची कॉलनी गुलाबी, सपाट, कोरडी. क्लेबसिएलाची फुगीर, चिकट, लूप लावला तर ओढली जाणारी. प्रोटियस ब्लड आगरवर लाटांसारखा पसरत जातो आणि शेजारच्या कॉलनी गिळून टाकतो, म्हणून लघवीला क्लेड नावाचा आगर वापरतात. त्यात क्षार कमी असल्याने प्रोटियसचं हे पसरणं थांबतं.

एकच कॉलनी, नीट सुटी असलेली. ती मिळत नसेल तर आज नाव नाही. सबकल्चर कर (नव्या प्लेटवर परत वाढव), उद्या बघ. डॉक्टरांचा फोन येईल, ओनर कटकट करेल, करू दे. मिसळलेल्या वाढीवर लावलेल्या दहा चाचण्या म्हणजे दोन माणसांचा मिळून एक पासपोर्ट.

ग्राम पॉझिटिव्ह कॉक्सायचं फार लांबवत नाही. कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे) पॉझिटिव्ह तर स्टॅफ, निगेटिव्ह तर स्ट्रेप किंवा एन्टेरोकॉकस. पण ब्लड आगरवरून कॉलनी उचलताना आगर खरवडला तर रक्तपेशींचंच कॅटलेज बुडबुडे काढतं. कोॲग्युलेज (प्लाझ्माची गुठळी होते का) करताना ट्यूब चार तासांनी बघ. नुसतं दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर गुठळी विरघळून गेलेली असू शकते आणि तू स्टॅफ ऑरियसला निगेटिव्ह म्हणशील. निगेटिव्ह असला तर उद्याही एकदा बघ. तरुण मुलीच्या लघवीत कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ भरपूर आला तर ‘कंटॅमिनेशन’ म्हणून टाकून देऊ नकोस, नोव्होबायोसिनची डिस्क (औषधाची चकती) लाव; रेझिस्टंट आला तर सॅप्रोफिटिकस, तो खरा आजार करतो. घशातला बीटा हिमोलिटिक (ब्लड आगरवर भोवती स्वच्छ वर्तुळ करणारा) स्ट्रेप बॅसिट्रासिनला सेन्सिटिव्ह, न्यूमोकॉकस ऑप्टोचिनला सेन्सिटिव्ह आणि पित्तात विरघळणारा. एवढं तुझ्या तक्त्यात आहेच.

खरी गंमत आणि खरी भीती ग्राम निगेटिव्हमध्ये आहे. इथे मॅकवरच्या रंगहीन कॉलनीसमोर पहिला प्रश्न ऑक्सिडेजचा. डिस्कवर लावलेली कॉलनी दहा सेकंदांत जांभळी झाली तर पॉझिटिव्ह, मिनिटाने झाली तर तो रंग नुसत्या हवेने आला. नायक्रोमची लूप वापरू नकोस, तिच्यामुळे खोटा पॉझिटिव्ह येतो. लाकडी काडी किंवा प्लॅटिनम. आणि मॅकवरून करूच नकोस, ब्लड किंवा न्यूट्रिअंट आगरवरून कर. आपल्या दमट हवेत ऑक्सिडेजच्या डिस्क बाटलीतच निळसर पडतात, म्हणून रोज सकाळी स्युडोमोनासचा आणि ई. कोलायचा कंट्रोल (खात्रीचा, ओळखीचा जंतू) लावल्याशिवाय त्या बाटलीवर विश्वास नाही. या कंट्रोलच्या जंतूंचे एटीसीसी 27853 आणि 25922, हे दोन नंबर मला माझ्या गाडीच्या नंबरापेक्षा पक्के पाठ आहेत.

आता एक माझी गोष्ट. वीसेक वर्षं झाली. मुरबाडकडचा एक शेतकरी, पन्नाशीतला, जुना मधुमेह, आवणी संपल्यावर दोन आठवड्यांनी तापाने फणफणलेला. छातीच्या फोटोत डाग होते म्हणून टीबीची औषधं सुरू केलेली. ब्लड कल्चरमध्ये ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय आले. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, टीएसआयमध्ये (तीन साखरा आणि लोह घातलेल्या आगरच्या नळीत) काही फरक नाही, मॅकवर रंगहीन. मी लिहिलं : स्युडोमोनास स्पिशीज. अँटिबायोग्राम, म्हणजे कुठलं औषध चालतं त्याचा तक्ता, आला. जेंटामायसिन रेझिस्टंट, पॉलिमिक्सिनची तेव्हा डिस्क लावायचो तीही रेझिस्टंट, आणि अमॉक्सिक्लॅव्ह सेन्सिटिव्ह. मी तो तसाच्या तसा सहीनिशी पाठवला.

संध्याकाळी लोकलमध्ये बसल्यावर डोक्यात ठिणगी पडली. स्युडोमोनास एरुजिनोसा जन्मजात अमॉक्सिक्लॅव्हला दाद देत नाही, आणि पॉलिमिक्सिनला सहसा दबतो. माझ्या रिपोर्टवरच्या जंतूचं नाव एक होतं आणि वागणं बरोबर उलटं. परत लॅबमध्ये गेले. स्लाइड काढली. दांड्यांची दोन्ही टोकं गडद आणि मध्ये फिकट, सेफ्टी पिनसारखी. सकाळी दिसलं होतं ते, पण नाव ठरल्यावर डोळ्यांनी बघणं थांबवलं होतं. प्लेट आणखी दोन दिवस ठेवली तेव्हा कॉलनी सुरकुतल्या, कोरड्या पडल्या. तो बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआय होता, मेलिओइडोसिसचा जंतू. चिखलात, भातखाचरात राहणारा; व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी कृष्णस्वामी यांनी 1912मध्ये रंगूनहून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पश्चिम किनाऱ्यावर तो आहे, मधुमेह्यांना गाठतो आणि टीबीचं सोंग आणतो. याला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम कमीत कमी दहा ते चौदा दिवस शिरेतून, आणि नंतर कोट्रायमोक्साझोल निदान तीन महिने द्यावं लागतं. नुसतं ‘स्युडोमोनास’ म्हणून आठवडाभर औषध देऊन घरी पाठवलं तर आजार परत उलटतो. डॉक्टरांना रात्री फोन केला. रुग्ण वाचला. मी मात्र त्या दिवशी एक वाईट गोष्ट केली होती : आमच्या पिढीच्या सवयीप्रमाणे प्लेटचं झाकण उघडून वास घेतला होता. स्युडोमोनासचा द्राक्षांसारखा वास ओळखण्यात आम्हाला फार भूषण वाटायचं. या जंतूचा वास घेणं म्हणजे तो फुप्फुसात ओढून घेणं. प्लेटचा वास कधीही घ्यायचा नाही, कोणी शाबासकी देत असलं तरी.

तेव्हापासून नाव लिहिल्यावर मी अँटिबायोग्राम उलटा वाचते. क्लेबसिएला आणि अँपिसिलिन सेन्सिटिव्ह? एक तर नाव चुकलंय, नाही तर डिस्क चुकली आहे. प्रोटियस आणि कोलिस्टिन सेन्सिटिव्ह? शक्य नाही. (कोलिस्टिन आता नुसत्या डिस्कने तपासतही नाहीत, मुख्यतः ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, करतात.) स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस आणि पेनिसिलिन रेझिस्टंट? तसं असेल तर जगभर पत्र पाठवावं लागेल. आधी ग्राम परत कर, तो बहुधा एन्टेरोकॉकस निघेल. प्रत्येक जंतूच्या या जन्मजात खोडी एका कागदावर लिहून बेंचसमोर चिकटव.

टायफॉइडबद्दल थोडं, कारण जुलैपासून तुमच्याकडे हेच येणार. विडालवर आपल्याकडे अजून फार भक्ती आहे. ती 1896ची चाचणी आहे, आणि एका विडालवरून टायफॉइड ठरवणं मला कधीच पटलेलं नाही. खरं उत्तर ब्लड कल्चरचं : पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकच्या आधी, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत. तीन मिलिलिटरमध्ये सापडला नाही तर दोष जंतूचा नाही. साल्मोनेला टायफी मॅकवर रंगहीन, ऑक्सिडेज निगेटिव्ह, युरिएज निगेटिव्ह. टीएसआयमध्ये वर लाल, खाली पिवळा, गॅस नाही आणि वरच्या-खालच्या भागाच्या सांध्यावर काळी बारीक रेघ, मिशी फुटल्यासारखी. पॅराटायफी एमध्ये गॅस येतो आणि मिशी बहुधा नसते. टीएसआय अठरा ते चोवीस तासांनीच वाच; लवकर वाचलंस तर सगळंच पिवळं दिसतं आणि टायफी हातातून निसटतो. बायोकेमिकल जुळल्यावर अँटिसेरा (नाव पक्कं करणारा सीरम) लावायचा, आधी नाही. टायफी हलतो, शिगेला हलत नाही. हे एवढ्यासाठी सांगते की हँगिंग ड्रॉप हा पोरखेळ नाही.

आणि काही जंतू या सगळ्या प्लेटांवर येतच नाहीत. पावसाच्या पाण्यातून चालून आलेल्याला लेप्टो झाला असेल तर तुझा ब्लड आगर पाच दिवस कोराच राहील. तिथे आयजीएम किंवा पीसीआर चाचणी. टीबीसाठी वेगळं माध्यम, वेगळी खोली, वेगळं कॅबिनेट. हे नीट माहीत असेल तर ‘नो ग्रोथ’चा अर्थ ‘जंतू नाही’ असा कोणाला सांगणार नाहीस.

मशीनचं विचारलंस. माझ्याकडे व्हायटेक आहे, आणि मी ते आनंदाने वापरते. मोठ्या लॅबमध्ये माल्डी-टॉफ आहे, ते जंतूच्या प्रथिनांची वजनं मोजून काही मिनिटांत नाव देतं. पण कार्ड कुठलं घालायचं ते तुझा ग्राम ठरवतो. सस्पेन्शन (द्रवात कालवलेले जंतू) मिसळलेलं असेल तर मशीन ‘माहीत नाही’ म्हणेलच असं नाही, छान टक्केवारीसकट चुकीचं नाव देईल. माल्डीला ई. कोलाय आणि शिगेला यांतला फरक नीट कळत नाही, न्यूमोकॉकस आणि त्याच्या तोंडात राहणाऱ्या निरुपद्रवी भावंडांतही गोंधळ होतो. आणि माझा तो मुरबाडचा जंतू मशीनच्या काही लायब्ररींमध्ये (ओळखीच्या जंतूंच्या याद्यांत) थायलँडेन्सिस या निरुपद्रवी नातेवाइकाच्या नावाने बाहेर पडतो. स्लाइडवरची सेफ्टी पिन मशीनला दिसत नाही.

आता तुझी प्लेट. पहिलं, तो खरंच हलत होता का? जंतू जागच्या जागी थरथरत असेल तर ती पाण्याच्या रेणूंची धडक आहे, आणि सगळे मिळून एकाच दिशेने वाहत असतील तर थेंबातला प्रवाह. एक उजवीकडे, एक डावीकडे, शेजाऱ्याला मागे टाकून, दिशा बदलून जात असेल तरच हालचाल. चार-सहा तासांच्या ताज्या ब्रॉथमधून परत बघ आणि सेमीसॉलिडमध्ये (अर्धवट घट्ट आगरमध्ये) टोचून ठेव. टोचलेल्या रेषेपासून बाहेर ढगासारखा पसरला तर पक्कं.

खरंच हलत असेल तर तो क्लेबसिएला न्यूमोनिए नाही. तो हलत नाही. ई. कोलाय मिसळला असता तर इंडोल बहुधा पॉझिटिव्ह आलं असतं, तरी एकदा सबकल्चर करून प्लेट शुद्ध असल्याची खात्री कर. मग ऑर्निथिन आणि लायसिनच्या चाचण्या लाव. ऑर्निथिन पॉझिटिव्ह, लायसिन निगेटिव्ह आला तर एन्टेरोबॅक्टर क्लोएकी. दोन्ही पॉझिटिव्ह आणि युरिएज निगेटिव्ह आला तर तो एन्टेरोबॅक्टर एरोजिनेस, ज्याचं बारसं 2017मध्ये पुन्हा झालं आणि नाव ठेवलं क्लेबसिएला एरोजिनेस! म्हणजे तो निघाला तर तुझं नाव निम्मं बरोबर ठरेल, पण चुकीच्या कारणाने.

तरीही आजच रिपोर्ट काढून अमॉक्सिक्लॅव्ह आणि सेफॉक्सिटिनचे झोन (डिस्कभोवतीची मोकळी वर्तुळं) बघ. या दोघांपैकी कोणीही असला तर त्याला ही दोन्ही औषधं जन्मजात चालत नाहीत, आणि सेफ्ट्रिअॅक्सोन सुरुवातीला चाललं तरी उपचार चालू असताना निकामी होऊ शकतं. झोन रेझिस्टंट असतील तर तुझ्या सरांना दाखव, आणि सुधारित रिपोर्ट जायच्या आधी डॉक्टरांना फोन जाऊ दे. प्लेट टाकलेली नसेल ना? ऑटोक्लेव्हच्या बादलीत गेली असली तर रुग्णाकडून दुसरी लघवी मागव, या वेळी बर्फात.